वाकडं नाक घेऊन नांदेड ते निलंगा

डॉक्टरांनी फॉर्म भरताना विचारलं, "नाकाला मार कशाने लागला होता?" मी पटकन म्हटलं, "पडले होते." हे उत्तर गेली तेवीस वर्षं मी इतक्या जणांना दिलंय की ते आता तयारच असतं. पण या वेळी ते कागदावर उतरताना बघून मला कसंसंच झालं.

ऑपरेशनचं निमित्त आमचा पुण्यातला बॉक्सिंगचा क्लास. सध्या तिथे नाकाने श्वास घेण्याचं वेड आलंय. काही जण तर तोंडाला चिकटपट्टी लावून झोपतात म्हणे! तिसऱ्या राउंडला सर ओरडतात, "तोंड बंद, वैशाली!" आणि माझी उजवी नाकपुडी असून नसल्यासारखी. शेवटी हाड सरळ करून घ्यायचं ठरलं. तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. घरी सांगायला कोणी नव्हतं. आई-बाबा गेले, नवऱ्याशी फारकत होऊनही सहा वर्षं झाली. मी ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली आणि नांदेडच्या रेल्वेचं तिकीट काढलं. नाक सरळ होण्याआधी ते जिच्या गुडघ्यावर मोडलं, तिला भेटून खरं बोलायचं होतं.

थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबा एसटीत कंडक्टर. लातूर डेपोला होते तेव्हा आम्ही मुरुडला राहायचो. तिथल्या तालमीत वस्तादांनी दोनच मुली घेतल्या होत्या, त्यांची लेक सुनंदा आणि मी. पहाटे पळायला निघताना प्रत्येकाने तोंडात घोटभर पाणी धरायचं, शिवारातल्या विहिरीला वळसा घालून परत यायचं आणि ते पाणी वस्तादांसमोर थुंकून दाखवायचं. पाणी नसलं तर वाटेत तोंड उघडलं हे नक्की, मग व्यायामात वीस सपाटे जास्त. नाकाने दम धरायची सवय लागावी म्हणून हा खटाटोप. पण तो पळण्यापुरता होता. कुस्तीत पाणी धरा असं वस्ताद कधीच म्हणाले नव्हते.

ती अक्कल माझी. एकदा ते गावाला गेले असताना मी सुनंदाला म्हटलं, आज पाणी धरूनच कुस्ती लावू, जिचं सांडेल ती हरली. दोन मिनिटांत माझे कान वाजायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मी पाणी सोडलं नाही. पाय ढिले पडले आणि मी तोंडावर आदळले ती थेट तिच्या गुडघ्यावर. घरी गेल्यावर बाबांना म्हणाले, "सुनंदानं मारलं." पैज आपण लावली हे सांगायची हिंमत झाली नाही. बाबा तालमीत जाऊन वस्तादांना नको नको ते बोलले आणि महिन्याभरात बदली मागून घेतली. मागाहून कळलं की वस्तादांनी मुलींची कुस्तीच बंद केली आणि वर्षभरात सुनंदाचं लग्न लावून दिलं. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळायची. तिची कुस्ती माझ्या एका वाक्याने संपली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग आधी नांदेड कशाला? खरं सांगायचं तर भीतीने. म्हटलं, दोन दिवस इकडेतिकडे करू, तेवढाच धीर येईल. सकाळी उतरले. लॉजवाल्याने रजिस्टर पुढे करत विचारलं, "एकट्याच?" मी हो म्हटलं, तरी त्याने माझ्या मागे कोणी येतंय का पाहिलं. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये डाळ-रोटी पोटभर जेवले. पंगतीत दोन्ही बाजूंना कुटुंबं होती आणि माझ्यावरून लोणच्याची देवघेव चालली होती. एकट्याने प्रवास करणाऱ्या बायकांसाठी नांदेड सोयीचं आहे, कोणी त्रास देत नाही. कोणी बोलतही नाही.

दुपारी लोह्याच्या बाजूला एका गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड होता. मुलींच्याही कुस्त्या होत्या म्हणून जीपमध्ये कोंबून घेऊन गेले. जाणार असाल तर डोक्याला रुमाल न्या, सावली नसते. शेजारी पांढरं धोतर नेसलेले एक आजोबा बसले होते. आखाड्यातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीकडे बघून ते जीव तोडून ओरडत होते, "तोंड मीट गं पोरी! नाकानं घे, नाकानं!"

"आजोबा, एवढा दम लागल्यावर नाकाने पुरतो का?" मी विचारलं.

"न्हाई पुरत."

"मग ओरडता कामून?"

"ओरडलं की तिला कळतं, आपलं कोणीतरी बघून राहिलंय. नात हाय माझी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पळताना, जोर मारताना नाकच पायजे. तिथं सवय लागली की दम उशिरा जातो. पर कुस्ती लागल्यावर मिळंल तिथून घ्यावा. तिथं काय लाज!"

सोळाव्या वर्षी हे मला कोणी सांगितलं असतं तर माझं नाक शाबूत राहिलं असतं. नात हरली. आजोबांनी तिच्या पाठीवरची माती झटकली, बाटली तिच्या हातात दिली आणि दोघं गर्दीत दिसेनासे झाले. त्यांच्यामागे जाऊन काहीतरी बोलावंसं फार वाटलं. काय बोलणार होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने लातूर. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता, साडेतीन तास धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. लातूरला स्टँडजवळ सुशीला खाल्ली. ही बाई नव्हे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतलेले ओले चुरमुरे, वर शेंगदाण्याचं कूट. लहानपणी सुनंदाच्या घरी खायचे तशी झाली नव्हती, पण मी दोन प्लेट संपवल्या.

तिथून तासाभरावर मुरुड. तालीम आहे त्याच जागी आहे, फक्त आता ती अभ्यासिका झाली आहे. लाल मातीच्या जागी फरशी, वर टेबलं आणि त्यांवर वाकलेली दहा-बारा मुलं. स्पर्धा परीक्षेची तयारी. समोरच्या किराणा दुकानदाराने सांगितलं, "वस्ताद जाऊन आठ वर्षं झाली. सुनंदाताई निलंग्याला हाय, पिठाची गिरणी चालवते. तुम्ही कोण त्यांच्या?" मी बिस्किटांचा पुडा घेतला आणि लातूरला परतले.

तिसऱ्या दिवशी औशावरून निलंगा, दीडेक तास. गिरणी शोधायला वेळ लागला नाही. नाकातोंडाला फडकं बांधून एक धिप्पाड बाई ज्वारीचा डबा गिरणीत ओतत होती. खांद्यांवरूनच ओळखली. तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गिरणीच्या आवाजावरून ओरडून म्हणाली, "नाक अजून वाकडंच हाय की गं वैशे!"

मी पुण्यापासून पाठ करत आणलेलं सगळं विसरले. "सुनंदा, नाकाचं ऑपरेशन आहे, त्याआधी खरं सांगायला आले. मी खोटं बोलले होते. तू मारलं नव्हतंस. पैज माझी होती."

"मला काय सांगतीस? मी तिथंच होते."

तिने गिरणी बंद केली. एकदम शांत झालं. मी म्हटलं, "माझ्यामुळे तुझी कुस्ती गेली."

"तुझ्या बाबाच्या बोलण्यानं? माझा बाप कुणाच्या बोलण्याला भेत नव्हता." तिने फडकं खाली ओढलं. "जोड राहिली न्हाई, वैशे. पोरांसंगं लावू देईनात, दुसरी पोरगी मिळंना. एकटीनं कुणाशी खेळायचं? तरी महिनाभर पळले, पाणी धरून. विहिरीपाशी थांबायचे, तू येतीस का बघत. मग एक दिवस वाटलं, कुणासाठी तोंड मिटून पळून राहिले मी? पाणी गिळलं अन् घरी आले."

मला वाटत आलं होतं की मी तिच्यावर आळ घेतला म्हणून तिचं नुकसान झालं. मी नुसती तिच्याजवळ नसल्यानेही कोणाचं काही बिघडू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी रडायला लागले. एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याचं दळण ठेवून घेतलं आणि त्याला संध्याकाळी यायला सांगितलं.

"माफ कर," मी म्हटलं.

"न्हाई."

तिने ज्वारीचा डबा उचलून बाजूला ठेवला.

"माफ केलं म्हणलं की तू निवांत पुण्याला जाशील अन् परत तेवीस वर्षं तोंड दाखवणार न्हाईस. खोटं बोललीस ते जाऊ दे. एक कार्ड टाकलं न्हाईस तू. ते ऑपरेशन झालं की ये, मग बघू." मग तिने विचारलं, "दवाखान्यात संगं कोण हाय?"

"कोणी नाही."

तिने भाकरी-पिठलं वाढलं, जेवताना पोराच्या नोकरीचं बोलली आणि एसटीत बसवून दिलं. बस हलेपर्यंत तिथेच उभी होती.

ऑपरेशन होऊन आता आठवडा झाला. पहिले दोन दिवस दोन्ही नाकपुड्यांत बोळे होते. तोंडानेच श्वास, घशाला सारखी कोरड. पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण मला चमच्याने पाणी पाजायची. तिचं नावही विचारायचं राहिलं. परवा मोकळ्या झालेल्या उजव्या नाकपुडीने पहिल्यांदा श्वास आत गेला तेव्हा खोलीत हे दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून निलंग्याला फोन लावला. मागे गिरणी धडधडत होती.

"आता येतो का दोन्हीकडून?" सुनंदाने विचारलं.

"येतो."

"मग येतीस कधी?"

क्लासला डॉक्टर म्हणतील तेव्हाच जाता येईल. प्रवास मात्र पुढच्या महिन्यात चालेल म्हणालेत. हा लेख वाचून कोणी त्या बाजूला जाणार असेल तर खुशाल एकटं जा, रस्ते चांगले आहेत. मी जे आणायला गेले होते ते मला मिळालं नाही. निलंग्याला एक बाई माझ्यावर रागावलेली आहे, आणि मी परत यावं म्हणून तिने तो राग सोडलेला नाही. माझ्यासाठी एवढं कोणी बऱ्याच वर्षांत केलेलं नाही.