पोट धरून शिंकणारी

जुळे सोलापुरातल्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. माझ्यासारखीच सातव्या महिन्यातली. शिंक आली की आधी दोन्ही हातांनी पोट धरायची, मगच शिंकायची.

"दृष्ट लागू नये म्हणून सासूबाई रोज धुरी देत्यात की. देवालाबी ठसका लागंल एवढी. डॉक्टरीणबाई म्हनल्या, धूर बंद. मनानं गोळी घ्यायची न्हाय, नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे मारायचा."

"मग?"

"आता शिंका कमी हायत."

तेवढ्यात तिच्या सासूबाई पाणी घेऊन आल्या. "बरं वाटतंय न्हवं? मग सांजच्याला जराशी धुरी देऊ."

कोरड्या ठणठणीत नाकानं ती लगेच शिंकली. घाईत पोट धरायचं विसरली, म्हणून ते मी धरलं.