पंप घरात येणार नाही

"व्हायवॅक्स पॉझिटिव्ह," डॉक्टर म्हणाले. हा मलेरियाचा एक प्रकार. याचे जंतू यकृतात लपून राहतात, म्हणून ताप उतरला तरी चौदा दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. चार दिवस मला थंडी वाजून ताप येत होता. कॉलेजच्या परीक्षेमुळे असेल, असं मला वाटलं. तुम्ही तसं समजू नका. लगेच रक्त तपासा.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी गरोदर आहे?"

वहिनीला सातवा महिना होता. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपायचो.

"तिला झाला तर बाळालाही धोका. लपलेल्या जंतूंवरची ही गोळी तिला देता येत नाही."

मी स्वतःच्या तापाला एवढी घाबरले नव्हते.

आमचं गाव जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. कपाशी फवारून पंपात उरलेलं औषध बाबा घरातल्या भिंतींवर मारतात. गावात बरेच जण मारतात.

मलेरिया विभागाचे एक दादा आमच्या भिंतीवरचे डास काचेच्या नळीत धरून घेऊन गेले. दोन दिवसांनी येऊन म्हणाले, "औषध लावलेल्या कागदाजवळ डास तासभर ठेवले. दुसऱ्या दिवशी बरेचसे जिवंत." याला रेझिस्टन्स म्हणतात. औषधाने जे मरत नाहीत ते उरतात, आणि पुढे त्यांचीच पैदास वाढते. शेतात आणि घरात एकाच जातीचं औषध पडत राहिलं की हे लवकर होतं.

"मंग डबल टाकतो," म्हणत बाबांनी पंप पाठीवर घेतला.

मी दारात उभी राहिले. बाबांना मी कधी उलट बोलले नव्हते.

"सरक वं पोरी. अळीचं औषध हाये, मच्छर काऊन नाही मरणार?"

"अळी तरी कुठं मरून राह्यली, बाबा? तुम्हीच तं रोज म्हणता."

आतून वहिनी सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, त्या वासानं मले उलटी होते."

बाबांनी पंप उतरवला. दुसऱ्या दिवशी हातपंपाजवळचा पाण्याचा खड्डा त्यांनी एकट्याने बुजवला. मी मच्छरदाणीची भोकं शिवली. डास औषधाने मरो न मरो, धड जाळीतून तो आत येत नाही.

काल वहिनीच्या रक्ततपासणीचा दुसरा रिपोर्ट आला. पहिल्यासारखाच निगेटिव्ह. शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं, "काऊन बे, यंदा घरात फवारा नाही मारला?"

"मारतो ना," बाबा म्हणाले. "पोरगी दारातून हटू तं दे."

मी हटणार नाही. तुमच्या दारात पंप आला, तर तुम्हीही हटू नका.