दार लावून बोलायचं

आई गेली आणि दादा माझ्याकडे चेन्नईला राहायला आला. तो जन्मापासून बहिरा. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला, आणि ती मिळावी म्हणून गावी वीटभट्टीवर राबला तो. इथे आल्यावर सुरुवातीला तो मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर जमणाऱ्या बहिऱ्या मंडळींत जाऊन बसे, त्यांच्या खुणा शिके. मग तेही थांबलं. तिरुवल्लिकेणीच्या आमच्या दोन खोल्यांत तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. एका संध्याकाळी माझ्या बायकोने त्याला गच्चीच्या कठड्यावरून हाताला धरून खाली आणलं. दुसऱ्याच दिवशी मी त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

"ऐकू येत नाही? मग आधी कान दाखवा, सार," ते म्हणाले.

कानाच्या डॉक्टरांनी कसून तपासलं आणि दादा बहिरा असल्याचं सांगितलं. मी आभार मानले. शिकलेल्या माणसांचे आभार मानण्याची मला सवयच आहे.

पुन्हा पहिले डॉक्टर. "झोप लागते?" दादाने हात उचलायच्या आत मी म्हणालो, "नाही." "भूक?" "नाही." "मरावंसं वाटतं?"

इथे मी अडलो. आईने घरात घडवलेल्या खुणांत भाकरी होती, बैल होता, परीक्षेत पास झाल्याचीही खूण होती. मरणाची खूण आम्ही फक्त गेलेल्या माणसांसाठी करायचो. ती मी दादाकडे बोट दाखवून केली आणि मान खाली घातली. थोरला भाऊ धाकट्याला काय सांगणार? त्याने हसून चहाची खूण केली.

"विनोदी आहेत!" डॉक्टर खूश झाले. "तसं बघितलं तर केवढी शांतता यांना! आमच्या कानांवर सकाळपासून रडगाणी."

मग त्यांना नियम आठवला. रुग्णाशी एकांतात बोलायचं. मला बाहेर काढून दार लावलं. अर्ध्या तासाने उघडलं तेव्हा दोघे अत्यंत आदराने एकमेकांकडे बघत बसले होते.

पुढच्या वेळी बायकोने बहिऱ्यांच्या शाळेतल्या एका शिक्षिकाबाईंना गाठून आणलं. डॉक्टर नाराज झाले. "तिसरं माणूस? मग गुप्तता कशी राहणार?"

"मी कुणाला सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी नसले तर तुम्हालाही काही कळणार नाही."

त्या आत गेल्या. शब्दही बाहेर फुटू नये म्हणून दार घट्ट लावलं गेलं. दाराला काच होती. काचेतून दादाचे हात दिसत होते, आधी अडखळत, मग भराभर. मरीनावरच्या खुणा मला कळत नव्हत्या, पण मधूनच आमच्या घरच्याही येत होत्या. नथीची खूण आली, म्हणजे आई. उघडं पुस्तक आलं, म्हणजे मी. मग त्याचा हात गच्चीच्या दिशेने वर गेला.

मी उठलो आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, काचेकडे पाठ करून बसलो.

"किती वेळ झाला," बाकावर शेजारी बसलेली म्हातारी तमिळमध्ये म्हणाली. "तुमच्या माणसाचा आवाजच नाही."

"बोलतोय, अम्मा," मी म्हणालो, आणि मागे वळलो नाही.