नववी ‘ब’चे लाल-पिवळे ठिपके

हे खरं तर मी सांगायला नको होतं. ‘वर्गातलं वर्गात राहिलं पाहिजे,’ असं आमच्या वर्गशिक्षिका रजनी बाईंनी नववी ‘ब’ला बजावलंय. पण शाळेत परीक्षेचं ॲप आल्यापासून एवढे किस्से साठलेत, की पोटात मावेनात. मी वर्गात फारशी बोलत नाही, त्यामुळे माझं सगळं बघून होतं. आणि मी कुठे सांगतेय? मी तर लिहितेय!

आधी ॲप समजून घ्या. चाचणी शाळेच्या संगणकावर द्यायची, तपासणार मशीन, आणि घरच्यांच्या फोनवर प्रत्येक विषयापुढे एक ठिपका उमटणार. हिरवा म्हणजे छान, पिवळा म्हणजे ठीक, लाल म्हणजे काही खरं नाही. त्यात मोठ्या बाईंनी नियम काढला: एक जरी लाल ठिपका असला तरी खेळाच्या संघात नाव नाही.

माझी मैत्रीण जेनिशा म्हणजे आमच्या कबड्डी संघाचा जीव. ती चढाईला गेली की समोरच्या मुली आपोआप मागे सरकतात. पालघरच्या सामन्यांची ती सातवीपासून वाट बघतेय. आणि नेमका तिचा विज्ञानाचा ठिपका लाल!

•

रजनी बाईंना मोबाईलवर टाइप करायचा कंटाळा. त्या शेरे बोलून लिहितात. स्टाफरूममध्ये बसून फोनला सांगायचं, फोन लिहितो, की लगेच पाठवून मोकळ्या.

आमच्या वर्गातल्या आर्याच्या आईला बोळिंजला मेसेज गेला: ‘आर्याचे अक्षर सुंदर आहे चहात साखर घातलीच नाही का पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

आर्याच्या आईचं उत्तर आलं, ‘सॉरी बाई. पण तुम्ही आमच्याकडे कधी येऊन गेलात?’

•

माझ्या बाबतीत बाईंनी ‘मुलगी शांत आहे’ असं सांगितलं. फोनने लिहिलं, ‘मुलगी शांता आहे.’

आई संध्याकाळी मेसेज वाचून माझ्याकडे बघत राहिली. “बाईंना अजून तुझं नाव माहीत नाही? तू वर्गात तोंड तरी उघडतेस का गं?”

दुसऱ्या दिवशी मी आर्याला हे हळूच, एकटीलाच सांगितलं. मधल्या सुट्टीपर्यंत मी अख्ख्या वर्गाची शांता झाले होते!

•

धडेही ॲपवरच असतात, आणि घरी फोनवर ते उघडून कोण किती वेळ अभ्यास करतं, हेही ॲप मोजतं. एका सोमवारी मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर आमच्या ओंकारला पुढे बोलावलं. अख्ख्या शाळेत सगळ्यात जास्त वेळ त्याचा! टाळ्या झाल्या. “बाळा, एवढा अभ्यास कसा करतोस ते सगळ्यांना सांग,” बाई कौतुकाने म्हणाल्या.

ओंकार तसा खरं बोलणारा मुलगा. “धडा उघडा ठेवून फोन चार्जिंगला लावतो, बाई!”

•

जेनिशाचे पप्पा, मिंगेलकाका, पाचूबंदरला राहतात. त्यांची मासेमारीची बोट आहे. त्यांच्या फोनवर हवामानाचे इशारेही रंगांतच येतात. लाल आला की बोट बाहेर काढायची नाही, हे ठरलेलं. एका सकाळी शाळेच्या ॲपचा लाल ठिपका आला. काकांनी जेनिशाचं दप्तर काढून घेतलं. “लाल आलाय. आज घरातच राहायचं.”

“पप्पा, तो विज्ञानाचा आहे!”

“कशाचा पन असू दे.”

दोन दिवस जेनिशा घरी. तिसऱ्या दिवशी हजेरीसमोरही लाल ठिपका आला. काकांनी फोन तिच्यासमोर धरला. “बघ, सांगितलेलं ना? वाढतंय!”

•

मग पालकसभा झाली. मी आईबरोबर पहिल्याच बाकावर होते. मिंगेलकाका मासळीचा लिलाव आटपून थेट आले होते. ते आमच्या पुढ्यातच, बाईंच्या टेबलासमोरच्या खुर्चीत; जेनिशा त्यांच्या शेजारी, मान खाली. संघाची नावं दुसऱ्याच दिवशी जाणार होती.

बाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. प्रश्न होता, ‘मुळे जमिनीतून काय शोषून घेतात?’ जेनिशाने लिहिलं होतं, ‘पानी’. मशीनने फुली मारली होती. ‘बर्फ वितळल्यावर काय तयार होते?’ पानी. फुली. धडाच पाण्यावरचा, त्यामुळे वरपासून खालपर्यंत फुल्याच फुल्या!

“काका, तिला येतंय सगळं,” बाई म्हणाल्या, “पण मशीनला ‘पाणी’ हवंय. ण बाणाचा. ‘पानी’ चूक धरतं ते.”

काका पडद्याकडे बघत राहिले. “पानी चूक?”

“हो.”

“मग टीचर, आमची बोट इतकी वर्षं चालतेय कशावर?”

मागचे सगळे पालक हसले. बाई हसल्या नाहीत. बाई साताऱ्याच्या, मराठीच्या पेपरात एका ‘ण’साठी अर्धा मार्क कापतात. त्यांनी चष्मा पुसला आणि जेनिशाला म्हणाल्या, “माझ्या पेपरात सोडणार नाही हं मी तुला! पण हे विज्ञान आहे.” मग ‘मान्य उत्तरे’ असा रकाना उघडून त्यांनी एका बोटाने लिहिलं: पानी.

लिहिता लिहिता त्यांना पुढचा, प्रकाशाचा धडा आठवला. “काका, आणि तुमच्याकडे किरणला काय म्हणतात हो?”

“किरन? तो आमच्याच बोटीवर आहे. का, फोन लावू?”

आता मात्र बाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरून त्यांनी ‘पुन्हा तपासा’ दाबलं. पडद्यावर चाक गोल गोल फिरायला लागलं. जेनिशाने मागे वळून माझ्या आईचाच हात घट्ट धरला, काका खुर्चीतून अर्धे उठले, आणि तेवढ्यात तो ठिपका—

थांबा हं, खालून जेनिशा ओरडतेय, “अगं ए, गॅलरीत ये ना पटकन! पालघरची बस सुटतेय! जर्सी बघ, केवढी मोठी दिलीये, गुडघ्याप—”