अंधाऱ्या ह्यूईची दहा मिनिटं

आमच्या ग्लेस बे या खाणगावात निम्मी माणसं मॅकडोनल्ड आणि उरलेल्यांतल्या निम्म्यांची सासुरवाडी मॅकडोनल्ड. त्यामुळे आडनावावरून माणूस सापडत नाही, टोपणनावच लागतं. ह्यूई मॅकडोनल्डला पासष्ट वर्षं धडसं टोपणनावही नव्हतं. कायद्यानं घरटी चार गांजाची झाडं लावायची मुभा दिली आणि त्याला ते मिळालं. अंधाऱ्या ह्यूई.

त्याचं असं झालं. तळघरात झाडं वाढवायची, तर फुलोऱ्याच्या दिवसांत त्यांना बारा तास दिवा आणि बारा तास काळोख लागतो. काळोख म्हणजे काळोख. दाराच्या फटीतून किंवा एखाद्या यंत्रावरच्या मोहरीएवढ्या ठिपक्यातून जरी रोज उजेड शिरला, तरी झाड बिथरतं आणि चांगल्या मादी झाडाला नराची पिवळी फुलं फुटतात. आमच्याकडे त्यांना केळी म्हणतात. केळी आली की बी धरतं, आणि फुलातला औषधी चीक त्या बियांच्या पायी जातो. म्हणून कुणीतरी दार लावून आत दहा मिनिटं बसायचं. डोळे अंधाराला सरावले की जे दिसेल तो शत्रू. आता बावीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेल्या माणसाहून या कामाला लायक कोण? पहिल्यांदा शेजारच्या लॉकीनं बोलावलं, मग अख्ख्या गल्लीनं.

ह्यूईला अंधाराची भीती वाटायची.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तो म्हणायचा, "तुम्ही सगळे वर थांबा. दुसऱ्याच्या श्वासानं माझी नजर हलते." या थापेवर कुणी शंका घेतली नाही. मग तो दार लावायचा, खाणीतला टोपीवरचा दिवा पेटवायचा आणि उपड्या बादलीवर बसून दहा मिनिटं मुरंब्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायचा. बाहेर येऊन गंभीरपणे सांगायचा, "एक्स्टेन्शन बोर्डावरच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लाव. दाराखाली घोंगडी सार." बोर्डावर लाल दिवा असतोच आणि दाराखाली फट असतेच. लोक तोंडात बोट घालायचे. दुसऱ्यांकडे तो एकदाच जायचा, त्यामुळे तेवढा उजेड झाडं पोटात घालत.

घरी मात्र रोज बसावं लागे. मर्डिनाचा हुकूमच होता तसा.

मर्डिना त्याची बायको. चाळीस वर्षं दर शनिवारी चर्चच्या हॉलमधल्या नाचाला ती पियानो वाजवत आली. मग बोटांचे सांधे सुजले. नाना औषधं झाली, सरकारी दुकानातलं गांजाचं तेलही झालं, पण गुण आला तो एकाच वाणाच्या तेलाचा. ते रोप तिच्या चुलतबहिणीनं दिलं होतं. चुलतबहीण वारली आणि ते वाण आता ह्यूईच्या तळघरातल्या चार कुंड्यांतच उरलं होतं. गेल्या खेपेला सगळ्या फुलोऱ्यात बी धरलं. त्या हिवाळ्यात मर्डिनानं पियानोचं झाकण उघडलं नाही. ह्यूईला ते फार लागलं.

या खेपेला त्यानं कसूर ठेवली नाही. खिडकीवर फळी ठोकली, पाइपाभोवती चिंध्या कोंबल्या, टायमरचा डोळाही झाकला. आमच्याकडे वीज रात्री स्वस्त, म्हणून झाडांचा दिवस रात्री आणि त्यांची रात्र दिवसा. ह्यूई रोज सकाळी दहाला खाली जाई. दिवा जुना, उजेड पिवळट, त्यात तोंड भिंतीकडे. एवढ्यानं काय होतंय, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

चौथ्या आठवड्यात मर्डिनानं एक डहाळी आणून चहाच्या टेबलावर ठेवली. लॉकी समोरच बसला होता.

"हे काय आहे, ह्यूई?"

"पान."

"त्याच्या शेजारी?"

ह्यूईनं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. "केळं दिसतंय."

"म्हणजे उजेड शिरतोय कुठून तरी."

"तीळभर शिरत नाही. मी रोज बसतोय ना."

"मग काय, झाडाला स्वप्न पडलं?"

लॉकीला हसण्याच्या उकळ्या फुटल्या. "दिव्याखाली अंधार ऐकलं होतं, लेका. अंधाऱ्याखाली दिवा पहिल्यांदाच ऐकतोय!"

आपण किती खरं बोललो हे लॉकीला कळलं नाही. ह्यूईला ठसका लागला.

"अजून चारच केळी आहेत, ती मी चिमट्यानं काढते," मर्डिना म्हणाली. "आणखी आली की संपलं. उद्या मी बसते तुझ्याबरोबर."

"अगं, तुला काय दिसणार त्या काळोखात?"

"तू दाखव की."

दुसऱ्या दिवशी ती आधीच खाली जाऊन बटाट्याच्या पोत्यावर बसली. ह्यूईनं दार लावलं आणि सवयीनं त्याचा हात टोपीकडे गेला. दिवा लागला. भिंतीवर पिवळं वर्तुळ पडलं. मर्डिनानं त्या वर्तुळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"रोज?"

"रोज."

"विझव."

त्यानं विझवला. पहिलं मिनिट त्यानं बरण्यांवरच्या चिठ्ठ्या तोंडपाठ म्हणून काढलं. दुसऱ्या मिनिटाला त्याला धाप लागली आणि त्यानं चाचपडत तिचा हात धरला. चर्चमध्ये कुणी हस्तांदोलनाला पुढे आलं की मर्डिना हात पाठीमागे घेते. ह्यूईनं तोच हात मुठीत आवळला.

"कधीपासून हे?"

"चौऱ्याऐंशी साल. खाणीत छत बसलं होतं. दिवा फुटला. अकरा तास."

"तू तर म्हणाला होतास, कामाची पाळी लांबली."

"लांबलीच होती."

तिनं मनाशी वर्षं मोजली. मग म्हणाली, "त्यानंतर सतरा वर्षं तू रोज खाणीत उतरलास."

"चार पोरं होती, मर्डिना."

वर रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली. ह्यूईचा श्वास हळूहळू जागेवर आला.

"काही दिसतंय का?" तिनं विचारलं.

"काहीच नाही."

"मलाही नाही. म्हणजे फट बुजली."

आपण काय धरलंय हे तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. "अगं, तुझा हात! दुखत असेल."

"दुखतोय," मर्डिना म्हणाली. "राहू दे."