सुतक देवालाही

मंगळवारी दुपारी आमची मुलगी गेली. फोन मीच केले. संध्याकाळी अग्नी दिला.

ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. रक्ताचा कर्करोग निघाल्यापासून वर्षभर दवाखाना आणि पडेगावचे आमचे घर अशा तिच्या खेपा चालल्या होत्या. त्या काळात नातेवाइकांनी ठिकठिकाणचे अंगारे आणून दिले. ती ते मुकाट्याने कपाळाला लावायची, कोणाचे मन मोडायची नाही. आईला मात्र तिने बजावले होते, "माझ्यासाठी नवस बोलायचा नाही हं. मी बरी झाले नाही तर तुझं देवाशी भांडण व्हायचं. मग घरात तुला बोलायला कोण? बाबा तर पुस्तकात!" बायको हसली होती. नवस ती खरेच बोलली नाही.

माझी बायको देवभक्त. रोज सकाळी बाळकृष्णाला न्हाऊ घालायची, लोणीसाखर ठेवायची आणि घरातल्या सगळ्या गोष्टी त्याच्या कानावर घालायची, दूधवाल्याच्या तक्रारीसकट. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. देव प्रेमळ असेल तर लेकरे का मरतात, यावर माणसांनी जे जे लिहिले त्यातले बरेच मी वाचले होते. स्मशानातून घरी आल्यावर त्यातले एक वाक्यही आठवेना. भीती एकच होती. मुलगी गेलीच होती. आता हिचा देवही जाईल. तो गेला तर ही कशाच्या आधाराने उभी राहील? त्याच्या जागी ठेवायला माझ्याजवळ काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी वैजापूरहून माझी चुलती आली. भावकीत आता तीच वडीलधारी. सुतकात घरच्यांनी देवाला शिवायचे नसते, म्हणून आमच्याकडे देव तेवढ्यापुरते शेजाऱ्यांकडे देतात. त्यांची पूजा चुकू नये एवढाच हेतू. चुलती आली ती थेट देव्हाऱ्यापुढे उभी राहिली.

"सूनबाई, देव अजून इथंच? उपाशी ठिवलेस व्हय?"

"इथंच राहू द्या, काकू."

"अगं, रीत हाये. सुतक आपल्याला, देवाला कशापायी?"

"त्यालाही आहे. घरातली पोर गेली. तो काय परका आहे, दुसऱ्याच्या घरी जाऊन लोणी खायला?"

चुलतीने माझ्याकडे पाहिले. "तुमच्या या शिकल्याल्या बायकांपुढं बोलायची सोय नाय बाबा," म्हणाली, आणि देव्हाऱ्याचे दार तिनेच लोटून घेतले.

ते दार बंद झाल्यावरही मी देव्हाऱ्यापुढेच उभा राहिलो. हिने देवाला जाऊ दिले नव्हते. दु:खाच्या या बाजूला, आमच्यात, बसवून घेतले होते. तरी माझी भीती गेली नाही. दहावा दिवस अजून यायचा होता.

दशक्रियेला कायगावला गोदावरीवर गेलो. हल्ली प्रवचनाशिवाय लोकांना दहावा पुरा झाल्यासारखा वाटत नाही. भावकीने परस्पर एक महाराज ठरवले होते. घाटावर ताडपत्री अंथरली होती, माईक होता. महाराज वयाने तरुण, आवाज गोड.

"लेकरू अकाली जातं ते कर्मानं," ते सांगू लागले. "मागच्या जन्मी हातून काही घडलेलं असतं. ते या जन्मी भोगून संपतं. देव अन्याय करत नाही."

बायको उठून उभी राहिली. चारचौघांत मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकले नव्हते.

"महाराज, माझ्या लेकीनं काही केलेलं नव्हतं. तेवढं सोडून बोला."

चुलतीने तिचा पदर ओढला. "खाली बस गं. समदी भावकी बघायली."

"माउली, हे मी म्हणत नाही, शास्त्र सांगतं..."

"मग शास्त्राला माहीत नसेल. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणावं, देवाच्या नावावर कशाला खपवायचं? लेकरांना मारून शिक्षा करणारा तो नाही. मी त्याला रोज आंघोळ घालते."

मागे कोणीतरी खोकले. महाराजांनी माईक बाजूला केला. "मला माहीत नाही, माउली," ते म्हणाले. माईकशिवाय त्यांचा आवाज अगदी लहान होता. मग त्यांनी टाळ घेतले आणि नुसते नामस्मरण केले. त्यांचेही मला कौतुक वाटले.

पण खरे सांगायचे तर ऊर भरून आला तो हिच्यासाठी. मुलीच्या दहाव्याला अभिमान वाटावा, हे लिहिताना संकोच होतो. पण तसेच झाले. तिने देवाला सोडले नाही आणि त्याला वाचवण्यासाठी मुलीवर ठपकाही येऊ दिला नाही. दोघांच्याही बाजूने ती एकटी उभी राहिली.

परतताना वाळूज मागे पडल्यावर जीपमध्ये चुलती हिच्याकडे वळली. आता बोलणी बसणार, असे मला वाटले.

"माझं थोरलं गेलं तवा मला बी हेच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "मागल्या जन्माचं. म्या मान हलवली. लई वर्सं मनात यायचं, काय केलं असंल त्या तान्ह्या जिवानं?"

बायकोने तिचा हात हातात घेतला. "काही नाही केलं, काकू."

"नायच केलं," चुलती म्हणाली. मग पदराने नाक पुसून ड्रायव्हरवर ओरडली, "हळू हाक की रं मुडद्या, का आमचा बी आजच दहावा करतो?"

सुतक फिटल्यावर बायकोने बाळकृष्णाला चिंचेने घासले, न्हाऊ घातले. त्याच्याशी ती काय बोलली ते मला कळले नाही. नळ चालू होता. बोलणे बराच वेळ चालले आणि त्यात मधूनमधून रागही होता. मग तिने दिवा लावला.

प्रेमळ देव आणि आमच्या मुलीचे मरण यांचा मेळ मला लागलेला नाही. तिलाही लागलेला नाही, ती तसे सांगते. कोणी विचारले तर मी माझ्या बायकोचे बोलणे जसेच्या तसे सांगतो, आपलेच असल्यासारखे नाही, तिचे म्हणून.

मुलगी नाही. पूजा चालू आहे.