ग्रनाडात आम्ही "नको" म्हणलो अन् प्लेट खरंच परत गेली

आधीच माफी मागते. शुद्धलेखन माझं कच्चंय, शाळा नववीतच सुटली. टाइप बी एका बोटानं करून राह्यले, भावाच्या कॉम्प्युटरवर. पण स्पेनला जायचं कुणाच्या मनात असंल तर वाचा, उपाशी राहणार न्हाई.

आमचं जुन्या जालन्यात बियाण्याचं दुकान. कंपनीनं दुकानदारांची ट्रिप काढली, जोडीनं. आई विमानाला भेली, मंग अण्णा, म्हंजे माझे वडील, मला म्हणले, "चल, तू ये." आई म्हणली, "ही? ही पाहुण्यात पाणी बी मांगत न्हाई. तुमच्या शुगरचं कोण पाहीन?"

मुंबईपर्यंत रेल्वे, मंग विमानानं माद्रिद, तिथून ग्रनाडा पाच घंटे बसनं. रस्ता असा, की अण्णांच्या मांडीवरच्या चिवड्याचा दाणा सांडला न्हाई. दोन्ही बाजूला जैतूनची, म्हंजे ऑलिव्हची झाडं, आपल्या मोसंबीसारखी ओळीत.

संध्याकाळी बाकीचे बाजारात गेल्ते. अण्णांचे पाय दुखत व्हते, म्हणून आम्ही दोघं लॉजजवळच्या छोट्या हॉटेलात बसलो. अण्णांनी घरच्यासारखी आठलाच शुगरची गोळी घेतली. तिथं जेवण नऊच्या आत मिळतच न्हाई, हे ध्यानात ठेवा. पण काही थंड मागवलं की संग एक छोटी प्लेट फुकट येते, तिला तापास म्हणतात. दोन युरोत दोन्ही. आम्हाला कुठं माहीत?

माझं लिंबाचं थंड, अण्णांचा साधा सोडा. वेटरनं बटाट्याचं जाड आमलेट आणून ठेवलं. अण्णांनी हात आडवा केला, "न्हाई न्हाई, कशाला!" मी बी मान हलवली. आपल्यात पहिल्या खेपेला हो कोण म्हणतं? वाढणाऱ्यानं दोनदा तरी म्हणलं पायजे. वेटर "ओके" म्हणला अन् प्लेट उचलून शेजारच्या आजीला दिली.

आम्ही वाट बघत बसलो.

"येईल," अण्णा म्हणले. "आग्रहाला येईल."

आला न्हाई. आजीनं सगळं खाल्लं, आमच्याकडं बघून हसत हसत. तवर अण्णांच्या कपाळावर घाम आल्ता, शुगर उतरली व्हती. माझं थंड त्यांना पाजलं, पण पोटात अन्न पायजे. अण्णा हळू म्हणले, "सुमे, आता तूच मांग."

शाळेत सरांनी वाचायला उभं केलं की माझा आवाज निघायचा न्हाई. शाळा त्यापायीच सुटली. तिथं उभी राह्यले. इंग्रजी येत न्हाई, त्यांची भाषा तर बिलकुल न्हाई. आजीच्या रिकाम्या प्लेटीकडं बोट केलं अन् मराठीतच ओरडले, "ओ भाऊ! ते द्या जल्दी! आमच्या अण्णांना भूक लागली!"

सगळं हॉटेल वळून बघाया लागलं. वेटर पळत आला. आमलेट, पाव, हिरवी जैतूनं, खारट अन् जराशी कडू. आजीनं स्वतःचा पाव बी आमच्याकडं सरकवला. अण्णांनी अर्धं आमलेट संपवलं अन् म्हणले, "मीठ कमीय."

तवा माझ्या जिवात जीव आला.

परत आल्यावर अंबडला मामीकडं जेवायला गेल्तो. मामी म्हणली, "अजून एक पोळी?"

"हो."

मामीचा हात तसाच थांबला. "अगं माय, आग्रह तरी करू दे की!"

अण्णा ताटातून मान वर न करता म्हणले, "वाढ तिला. पोरगी मांगते म्हणून मी इथं बसलोय."

ग्रनाडाच्या राजवाड्याचे फोटो भावाकडं हायेत, पण मला ट्रिपमधलं तेवढं आमलेटच आठवतं, अन् माझा आवाज

थांबा, खालून आई ओरडून राह्यली, नळ आला! कितीतरी दिवसांनी. हंडे घेऊन पळते.